मस्कत द्राक्षाची गोड वाइन: बाटली उघडल्यानंतरचे काही महिने

मस्कत द्राक्षाच्या गोड फोर्टिफाइड (म्हणजे स्पिरिट, अर्थात कडक मद्य, घातलेल्या) वाइनबद्दल पहिल्या ग्लासवरून मत देण्यात अर्थ नाही. पहिला ग्लास सगळ्यांचाच झकास लागतो. अल्कोहोल साधारण १५ ते १८ टक्के, वर लिटरमागे १०० ग्रॅमच्या पुढे साखर, त्यामुळे एका वेळी दोन-चार घोटांवर कुणी जात नाही आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्ये रेंगाळते. तिथे ती कशी टिकते, हे बघायचं.

माझ्याकडे गेले काही महिने तीन प्रकार आलटून पालटून चालू आहेत. तिन्हींची मूळ युक्ती एकच: रस आंबत असतानाच त्यात द्राक्षापासून काढलेलं स्पिरिट ओततात. यीस्टचं काम तिथेच थांबतं आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते. म्हणजे गोडवा द्राक्षाचाच.

फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली मस्कत द बोम द व्हनीज उघडल्या उघडल्या नुसती हुंगत बसावी अशी. संत्र्याची फुलं, पीच, गुलाब आणि चक्क ताजं द्राक्ष! (वाइनला द्राक्षाचा वास येणं ही तशी दुर्मीळच गोष्ट.) गुलाबात असणारं जेरानिऑल मस्कतच्या सालीतही असतं, त्याची ही करामत. पण हवा लागली की हा सुगंध उडायला लागतो. आठवडा उलटला की फुलं गायब, मागे उरतो नुसता पाक. म्हणून ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली घ्या, गारेगार प्या आणि लवकर संपवा. वर्षानुवर्षं जपून ठेवण्यात फायदा नाही.

पोर्तुगालची मोस्कातेल द सेतुबाल ही तिन्हींतली मधली. स्पिरिट घातल्यावरही साली कित्येक महिने त्यातच भिजत ठेवतात. त्यामुळे शेवटी संत्र्याच्या सालीसारखा किंचित कडवटपणा येतो आणि गोड मिट्ट होत नाही.

टिकण्यात मात्र ऑस्ट्रेलियाच्या रदरग्लेन भागातल्या मस्कतची बरोबरी नाही. द्राक्षं वेलीवरच सुकू देतात, मग वाइन जुन्या लाकडी पिपांत वर्षानुवर्षं मुरते. पिपातून थोडी थोडी उडत जाते, उरलेली दाट आणि तपकिरी होते. मनुका, टॉफी, कॉफी असा वास. हवेशी तिची ओळख पिपातच झालेली असल्यामुळे उघडल्यावर ती बिघडायची घाई करत नाही. बाटलीच्या तळाचा घोटही मला जवळजवळ पहिल्यासारखाच लागला. लेबलवर चार पायऱ्या असतात: साधी रदरग्लेन, क्लासिक, ग्रँड आणि रेअर. साधीत मला गोडीपलीकडे फार काही सापडलं नाही. रेअर इतकी दाट की ग्लास तिरका केला तर काचेवर तपकिरी थर रेंगाळतो, चमचाभर पुरे. नेहमीसाठी क्लासिक घ्यावी.

ब्लू चीजबरोबर तिन्ही चालतात, खारटपणामुळे गोडी आवरते. डार्क चॉकलेट असेल तर बोम द व्हनीज बाहेर काढू नका, चवच लागणार नाही. तिथे रदरग्लेनच हवी, आणि व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतायलाही तीच.