ऑनलाइन कोहा कोर्स: बाकी ठीक, पण मराठी शोधाचं काय?

पुस्तक कपाटात आहे, नोंद बिनचूक आहे, तरी ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकावरच्या ग्रंथसूचीत, ‘हातमाग’ टाइप केलं की निकाल रिकामा. कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर शिकवणारा, ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठीचा हा फीवाला कोर्स संपून काही महिने झाले, रोजची देवघेव कोहावरच चालते, आणि माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. सोलापुरात मराठीशेजारी कन्नड, तेलुगू, उर्दूची कपाटं असतात. मग कोर्समध्ये इथल्या माणसाला फक्त इंग्रजी पुस्तकांची उदाहरणं देऊन कसं भागेल?

दुखणं नोंदीत नाही. कोहाचा शोध झेब्रा हे त्याच्या आतलं शोधयंत्र चालवतं आणि त्याची मूळ अक्षरतालिका लॅटिन लिपी धरून बनवलेली आहे. तिच्या जागी आयसीयू, म्हणजे सगळ्या युनिकोड लिप्या हाताळणारी प्रणाली, लावावी लागते. सर्व्हरवरच्या झेब्राडीबी फोल्डरमधली डिफॉल्ट डॉट आयडीएक्स फाइल आधी कॉपी करून ठेवा. मग शब्द (डब्ल्यू) आणि वाक्यांश (पी) या विभागांतल्या ‘चारमॅप’च्या ओळींपुढे # टाकून तिथे ‘आयसीयूचेन’च्या ओळी घाला. सिस्टम प्रेफरन्समध्ये ‘यूजआयसीयू’पासून सुरू होणारा पर्याय चालू करा, झेब्रा रीस्टार्ट करा आणि ‘कोहा-रीबिल्ड-झेब्रा’ ही आज्ञा ‘-एफ’ लावून चालवा. शेवटची पायरी गाळली तर जुन्या नोंदी जुन्याच सूचीत राहतात. हे काम वाचनालय बंद झाल्यावरच करा. झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोधयंत्र वापरायचा मार्गही आहे, पण त्याला मेमरी जास्त लागते, आणि ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाला तो खर्च कशाला? एवढा मजकूर कोर्सच्या एका छोट्या व्हिडिओत बसला असता.

मार्कएडिट या ग्रंथनोंदी तयार करायच्या सॉफ्टवेअरचा धडा मात्र सुरुवातीला नुसता जागा भरण्यापुरता वाटला होता. आता मत बदललंय, फी वसूल झाली ती तिथेच. एक्सेलची यादी साध्या सीएसव्हीत साठवली की मराठीची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलायचा. नोंदीच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक, ९५२ मध्ये प्रतीचा तपशील आणि बारकोड. ९५२ रिकामं राहिलं तर नोंद दिसते पण पुस्तक देता येत नाही. हे कोर्सवाल्यांनी नीट, पुन्हा पुन्हा करून दाखवलं. त्यात मी एकच भर घालेन: ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्’ दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे अक्षरसंच आहेत. सगळ्या टेबलांवर एकच कीबोर्ड मांडणी ठेवा.

प्रश्नमंजूषा, प्रमाणपत्र वगैरे ठीकठाक.

नुसती तोंडओळख हवी असेल तर पैसे घालवू नका. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर कोहाची मालिका फुकट आहे. ती १६.०५ आवृत्तीवर आहे, म्हणजे मे २०१६ ची. पडदे थोडे वेगळे दिसतील, पण मूळ कामं तीच. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्सही फुकट शिकता येतात, पैसे परीक्षेला बसायचं असेल तरच. फीवाल्या कोर्सला नाव घालण्याआधी मात्र त्यांना फोन करून मराठी शीर्षक शोधून दाखवायला सांगा, चालू वर्गात, त्यांच्याच सर्व्हरवर.