लंबक लिफ्टमध्ये टांगायचा की लोकलमध्ये?

अकरावीतली भाची अडली होती, "मामा, त्वरणाच्या प्रोजेक्टसाठी लंबक कुठे टांगू?"

लिफ्ट वर निघताना १ मी/से² त्वरण मिळालं, तर ते गुरुत्वाच्या ९.८ मध्ये थेट मिळवलं जातं आणि दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, सुमारे ५ टक्के घटतो. लोकलचं त्वरण आडवं. ०.५ धरलं तरी फरक ०.१ टक्क्याहून कमी, स्टॉपवॉचवर दिसायचाच नाही. पण गाडी दादर सोडते तेव्हा २५ सेंटिमीटर दोऱ्याचा गोळा सव्वा सेंटिमीटर मागे सरकतो आणि त्या तिरक्या रेषेभोवतीच झुलत राहतो. मला तर हेच जास्त सुंदर वाटतं.

लिफ्टचं त्वरण सेकंद-दोन सेकंदच टिकतं. म्हणून दोरा ६ सेंटिमीटरचा घे, एक आंदोलन अर्ध्या सेकंदात होईल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिप.

काळ मोजायचा असेल तर लिफ्ट. त्वरणाची दिशा दाखवायची असेल तर लोकल, तीही दुपारची, रिकामी.