मालक, रंगाला भुललासा

इचलकरंजीहून येणारं सुती कापड कापून नाइटी-परकराच्या पायपिंगसाठी पट्ट्या गुंडाळून द्यायच्या, एवढंच आमचं काम. त्यासाठी जुनं स्लिटिंग-रिवाइंडिंग मशीन शोधत होतो. भिवंडीच्या एका जुन्या मशिनरीवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. किंमत ३ लाख ४० हजार.

व्हिडिओत पट्ट्या अगदी रेघ मारल्यासारख्या निघत होत्या. तो रोल नॉन-वोव्हनचा होता, हे मला तेव्हा कळलं नाही. नॉन-वोव्हनमध्ये उभा-आडवा धागाच नसतो, सुरी बोथट असली, डगमगत असली तरी कड बऱ्यापैकी साफ दिसते. सुती कापड लगेच चुगली करतं, सुतं लोंबायला लागतात.

तरी रात्रीच्या बसनं बघायला गेलो. एकटाच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे फिटरमामा येतो म्हणाले होते, पण त्यांचं तिकीट आणि दोन दिवसांची हजेरी वाचवावी म्हटलं. ज्या गावात लेथवर आयुष्य काढलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत, तिथून मी एकटा मशीन बघायला गेलो!

गोडाऊनमध्ये मशीन हिरवंगार रंगवलेलं. रोल न लावताच पाच मिनिटं फिरवून दाखवलं. कापड लावून दाखवा म्हटलं, तर आज माणूस नाही. तेवढ्यात चहा आला आणि “कल एक पार्टी टोकन दे रही है” हेही आलं. मी तिथंच ५० हजार दिले.

आणि इथं माझीही लबाडी सांगून टाकतो. बिल १ लाख ६० हजारांचं, बाकीचे १ लाख ८० हजार रोख, असं ठरलं. १८ टक्के जीएसटीचे ३२ हजार ४०० वाचले म्हणून मी खूश. आमचे सीए नंतर म्हणाले, “अहो, बिलात असता तर तो कर तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढं भरायच्या करातून वजा होऊन, मिळालाच असता.” म्हणजे वाचलं काहीच नाही, उलट रोखीचा पुरावा गेला.

मशीन शिरोलीत हायड्रा क्रेननं उतरवलं. मामांनी हात लावण्याआधी नुसती एक चक्कर मारली. ग्रीसच्या निपलवर रंगाचा थर, म्हणजे रंग दिल्यापासून तिथं ग्रीसगन लागलेलीच नाही. मोटरची नेमप्लेट जुनी, पण तिचे स्क्रू चकचकीत, आणि प्लेटखाली आधीच्या प्लेटची भोकं. मग रिवाइंडिंगच्या शाफ्टवर डायल गेज लावलं आणि हातानं फिरवलं. काटा नाचायला लागला, म्हणजे शाफ्ट सरळ फिरतच नव्हता. “मालक, रंगाला भुललासा,” एवढंच बोलले.

कापड लावल्यावर उरलंसुरलं उघडं पडलं. ताण धरणारा पावडर ब्रेक आतून मेलेला. त्यामुळं रोल कधी ढिला, कधी घट्ट, आणि टेलिस्कोप होऊन मधून कोनासारखा बाहेर यायचा. सुऱ्यांच्या स्पिंडलची बेअरिंगं गेलेली. मोटर ५ एचपी सांगितलेली, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावून मामा म्हणाले, ही ३ चीच.

फोन केला तर पहिले दोन दिवस “हो जाएगा”, नंतर उचलायचंच बंद. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. वकिलांनी बिल हातात घेतलं आणि खालची बारीक ओळ वाचून दाखवली: माल ‘जसा आहे तसा’ विकला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू, त्यामुळं ग्राहक आयोगातही अवघड. दावा लावायचा तर कागदावरच्या १ लाख ६० हजारांचाच.

तुम्ही असं मशीन बघायला जाणार असाल तर स्वतःच्या कापडाचा एक रोल बसच्या डिकीत टाका आणि तो पूर्ण संपेपर्यंत मशीन बंद करू देऊ नका. सोबत फिटर न्या, त्याच्या पिशवीत डायल गेज आणि मोटरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर असू दे.

शाफ्ट, ब्रेक, बेअरिंगं, मोटर मिळून ७८ हजार गेले. मामांनी हजेरी धरली नाही. जेवायला मात्र दोन दिवस तांबडा-पांढरा मागितला.