फायरप्लेसभोवतीचा संगमरवर काढून सोपस्टोन बसवला: पूर्ण हिवाळा वापरल्यानंतर

हिवाळाभर रोज आग पेटवून झाली, त्यामुळे आता ठाम मत द्यायला हरकत नाही. फायरप्लेसच्या तोंडाभोवती जुना पांढरा संगमरवर होता. तो उतरवून आम्ही राखी सोपस्टोन लावून घेतला. दगडावर मी मनापासून खूश आहे. पण काम टिकलंय ते दगडापेक्षा त्याच्या कडेला सोडलेल्या फटीमुळे आणि पाठीमागच्या बोर्डामुळे. निवड करताना सगळी चर्चा रंग आणि पॉलिशचीच होते, या दोन गोष्टींबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

संगमरवर काढायचं कारण म्हणजे तोंडाच्या वरच्या पट्टीत, बरोबर मधोमध, केसाएवढी चीर होती आणि ती दर हिवाळ्यात थोडी थोडी लांबत होती. शिवाय काजळीचा तपकिरी डाग दगडात मुरला होता. संगमरवर आम्लाला टिकत नाही. डाग निघावा म्हणून व्हिनेगर लावलं की तिथली चमकच जाते.

पट्टी उतरवली तेव्हा चिरेचं मूळ दिसलं. तोंडावरच्या लोखंडी लिंटलला (वरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या आडव्या पट्टीला) दगड थेट सिमेंटने चिकटवलेला होता. एक मीटर लांबीचं पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापलं की साधारण १.२ मिलिमीटरने वाढतं. दगडाचं प्रसरण वेगळं, शिवाय तो लिंटलइतका तापतही नाही. दोघांना घट्ट जखडून ठेवलं तर दर आगीला ओढाताण होणार आणि शेवटी दगडच हार मानणार. संगमरवराऐवजी दुसरा कुठलाही दगड तसाच चिकटवला असता तरी आज ना उद्या हेच झालं असतं.

नव्या कामात कारागिराने दगड लिंटलला टेकू दिला नाही. आतल्या भट्टीच्या विटा आणि दगडाची कड यांच्यामध्ये बोटाच्या अर्ध्या जाडीएवढी फट ठेवली, तिच्यात सिरॅमिक फायबरचा दोर दाबून बसवला आणि वरून जास्त उष्णता सोसणारं सीलंट भरलं. ही फट खोलीतून दिसतही नाही. हिवाळा संपल्यावर मी टॉर्च घेऊन वरची सगळी कड तपासली. कुठेही चीर नाही, दोर जागच्या जागी आहे.

पाठीमागे पूर्वी जिप्सम बोर्ड होता. त्याच्यावर कागद असतो आणि सतत तापत राहिलं की जिप्सममधलं पाणी निघून जाऊन तो भुसभुशीत होतो. आता तिथे सिमेंट बोर्ड आहे आणि त्यावर सिमेंटवर आधारित टाइल अ‍ॅडेसिव्ह. डब्यात तयार मिळणारी पेस्ट आणि इपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचा राळेचा मसाला) आम्ही दोन्ही नाकारले, कारण ते गरम झाले की मऊ पडतात. अ‍ॅडेसिव्ह पूर्ण वाळेपर्यंत आग पेटवली नाही आणि सुरुवातीच्या आगी मुद्दाम लहान ठेवल्या. एवढा धीर धराच. घर जुनं असेल तर तोडफोडीआधी जुना गोंद आणि बोर्ड यांत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे तंतू) आहे का, हे तपासून घ्या. ते न करता हातोडा घालू नये.

आता दगडाविषयी. सोपस्टोनमध्ये मुख्यतः टाल्क असतं, त्यामुळे हाताला गुळगुळीत, जवळजवळ साबणासारखा लागतो. पाणी, तेल, काजळी आत शिरत नाही. वरच्या पट्टीवर काजळी धरते, पण कोमट साबणाच्या पाण्याने फडकं फिरवलं की निघते. मात्र हा दगड मऊ आहे. लाकडाचा ओंडका आत सरकवताना त्याचं टोक डाव्या बाजूच्या खालच्या फरशीला घासलं आणि वीतभर पांढरी रेघ उमटली. बारीक पॉलिशपेपर ओला करून गोल गोल घासला, तर रेघ पूर्ण गेली. ग्रॅनाइटवर ओरखडा सहसा पडतच नाही, पण पडला तर घरच्या घरी असा काढताही येत नाही. दगड काळाभोर दिसावा म्हणून त्याला खनिज तेल लावतात. आम्ही लावलं नाही, कारण आगीजवळचा भाग आधी कोरडा पडतो आणि रंग डागाडागांचा दिसतो.

आग विझल्यावरही दगड बराच वेळ कोमट राहतो, हे खरं आहे. पण त्याने खोली गरम राहील अशी आशा ठेवू नका. आमची फरशी दोन सेंटिमीटर जाडीची आहे. खोली तापवायची तर शेकडो किलो दगडाची अख्खी भट्टी लागते.

एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. बोर्ड, अ‍ॅडेसिव्ह आणि फरशी मिळून नवा दर्शनी भाग जुन्यापेक्षा पुढे आला. त्यामुळे समोरचा न जळणारा ओटा तेवढाच अरुंद झाला. ठिणग्या याच ओट्यावर पडतात, म्हणून त्याची रुंदी नियमात दिलेली असते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत लहान तोंडासाठी ती समोर १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच आहे. जाडीचा हिशेब कारागिराने आधीच मांडायला हवा होता. तो काम झाल्यावर निघाला आणि ओट्याला पुढून दगडाची आणखी एक पट्टी जोडावी लागली. काचेच्या दाराची चौकटही लांब क्लिपा लावून पुन्हा बसवून घ्यावी लागली. लाकडी मँटेल (फायरप्लेसच्या वरची फळी) असेल तर त्याचं तोंडापासूनचं अंतर नव्या जाडीनुसार परत मोजा.

धुराबद्दलही सांगते. पट्टीवर काजळी फार साठत असेल तर दोष दगडाचा नसतो. चिमणी चोंदली असेल, डॅम्पर (धुराच्या वाटेतली झडप) नीट उघडत नसेल किंवा तोंडाच्या मानाने धुराडं अरुंद असेल. आम्ही आधी चिमणी साफ करून घेतली, मगच दगड लावला.

सध्या एकच काम बाकी आहे. दगड आणि ओटा जिथे काटकोनात मिळतात तिथल्या ग्राउटमध्ये बारीक चीर आली आहे. तिथे कडक ग्राउट भरायलाच नको होतं, लवचीक सीलंट हवं होतं. ते खरवडून पुढच्या हिवाळ्याआधी बदलून घेणार आहे.