एम-वन-टीआर मिलिंगवर डेल्टाचा एमएस३०० ड्राइव्ह: सिंगल फेजवर २ एचपी कितपत चालते?

घरच्या शेडसाठी जुनी एम-वन-टीआर (टरेट प्रकारची मिलिंग मशीन) घेतली की पहिली अडचण ठरलेली: मशीनची मोटर थ्री फेज ४१५ व्होल्टची आणि घरात येतो सिंगल फेज. डेल्टा कंपनीच्या एमएस३०० मालिकेतला १.५ किलोवॉटचा, सिंगल फेज २३० व्होल्ट इनपुटचा ड्राइव्ह (मोटरला बदलत्या फ्रिक्वेन्सीचा थ्री फेज पुरवणारी पेटी, मॉडेल व्हीएफडी७ए५एमएस२१) ही अडचण सोडवतो, शिवाय स्पीड कमीजास्त करायची सोय देतो. दोन्ही कामं तो चोख करतो. घेणारे मात्र दुसऱ्या सोयीवर इतके भाळतात की पुलीवरचा पट्टा बदलणंच सोडून देतात, आणि मग ड्राइव्हच्या नावाने खडे फोडतात.

आधी मोटरबद्दल, कारण निम्मी फजिती तिथेच होते. हा ड्राइव्ह २३० घेतो आणि थ्री फेज २३०च देतो. ४१५ करून देत नाही. २ एचपीची आपल्याकडची मोटर सहसा स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका बिंदूत) जोडलेली असते. तीच डेल्टा जोडणीत (वाइंडिंग त्रिकोणात) जोडली की तिला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्ट पुरतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर तीन जोडपट्ट्या फिरवायचं काम, दहा मिनिटांचं. तीनच वायर बाहेर आल्या असतील तर स्टार पॉइंट आत वाइंडिंगमध्ये दडलेला असतो. तो उघडून तीन टोकं बाहेर काढायला रिवाइंडिंगवाल्याकडेच द्या.

सहा टोकं दिसली म्हणून लगेच खूशही होऊ नका. काही मशीनवर दोन स्पीडची मोटर असते, नेमप्लेटवर ७२० आणि १४४० असे दोन आरपीएम छापलेले. तिचीही टोकं सहाच असतात, पण ती पोल बदलण्यासाठी. तिला डेल्टाच्या पट्ट्या मारून २४०वर चालवता येत नाही. अशा वेळी साधी चार पोलची मोटर बसवणं स्वस्त पडतं.

डेल्टात जोडल्यावर करंटही १.७३२ पट होतो. नेमप्लेटवर ४१५ व्होल्टला ३.४ अँपिअर असेल तर आता ५.९. ड्राइव्हचं आउटपुट ७.५ अँपिअर, वर दीडपट भार ६० सेकंद सोसतो, त्यामुळे २ एचपीला जागा भरपूर आहे. ३ एचपीच्या मोटरला हे मॉडेल लावू नका, त्यासाठी २.२ किलोवॉटचं वेगळं आहे. पूर्ण भाराला इनपुटला १५ अँपिअरच्या आसपास जातात, म्हणून मीटरपासून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन आणि तिला स्वतःचा एमसीबी हवा. फ्रिजच्या सॉकेटमधून पिन ओढून हे भागणार नाही.

आता पुलीवरच्या पट्ट्याचं गणित. १.५ किलोवॉटची १४४० आरपीएमची मोटर साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क देते. ५० हर्ट्झच्या खाली हा टॉर्क फार तर तेवढाच राहतो, आणि पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात घटते. समजा माइल्ड स्टीलमध्ये २० मिमीचा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल चालवायचा आहे. २५ मीटर प्रति मिनिट धरले तर स्पिंडल ४०० आरपीएमवर हवा. पट्टा एकास एक ठेवून ड्राइव्ह १४ हर्ट्झवर आणला तर स्पिंडलला तेच १० न्यूटन-मीटर आणि जेमतेम ०.४ किलोवॉट मिळतात. पाव मिलिमीटर फीडला हा ड्रिल २५ न्यूटन-मीटरच्या आसपास मागतो, म्हणजे तो भोकात अडकणारच. तोच पट्टा ३.६ला एक अशा पायरीवर टाकून ड्राइव्ह ५० हर्ट्झवर ठेवला तर ३६ न्यूटन-मीटर हाताशी असतात. पुलीची पायरी भारासाठी आणि नॉब बारीक जुळवणीसाठी, अशी वाटणी ठेवली की हा ड्राइव्ह खरोखर कामाचा आहे. बोअरिंग हेडने भोक मोठं करताना थरथर उठली की १० टक्के स्पीड कमी करून पाहता येते, पट्ट्याला हात न लावता. जुन्या मशीनवर ही सोय मोठी.

२० हर्ट्झच्या खाली आणखी एक भानगड: मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. तासभर १५ हर्ट्झवर फेसिंग चाललं तर मोटर तापते. वरच्या बाजूला ७५ हर्ट्झपर्यंत मोटर बिनधास्त जाते, टॉर्क मात्र ५०नंतर घटत जातो. स्पिंडल बेअरिंगची मर्यादा वेगळी पाहावी लागते. सगळ्यात वेगाच्या पायरीवर ७५ हर्ट्झ दिले तर स्पिंडल मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल आरपीएमच्या दीडपट फिरेल. प्रत्येक पायरीला कमाल हर्ट्झ किती, याचा कागद हेडवर चिकटवून ठेवा.

वायरिंगमध्ये नियम एकच: ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये काहीही नको. जुना फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच तिथे राहिला आणि चालू मोटरवर कुणी फिरवला, तर ड्राइव्हमधले आयजीबीटी (आउटपुटचे पॉवर ट्रान्झिस्टर) उडण्याचा धोका आहे. तो स्विच काढून त्याचेच काँटॅक्ट २४ व्होल्टच्या कंट्रोलला वापरायचा मोह होतो, पण वर्षानुवर्षं अँपिअर तोडून काळवंडलेले काँटॅक्ट काही मिलिअँपला नीट लागत नाहीत. नवीन सिलेक्टर स्विच घ्या. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. बॅक गिअर टाकला की स्पिंडलची दिशा उलटते, तेव्हा सिलेक्टरवर दोन्ही खुणा स्पष्ट लिहा. मेन लाइन चुकूनही यू, व्ही, डब्ल्यू या मोटरकडच्या आउटपुट टर्मिनलना जोडू नका. तसं झालं तर दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही, थेट नवा घ्यायचा.

कूलंट पंप आणि टेबलाची पॉवर फीड मोटर हा सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा खर्च. तीही ४१५ व्होल्टचीच असते आणि याच ड्राइव्हवर समांतर टांगता येत नाही. स्पीड बदलली की पंपही मंदावेल. पंप सिंगल फेज घ्या. फीडला वेगळा लहान ड्राइव्ह द्यायचा की हाताने हँडल फिरवायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

सेटिंगपूर्वी पॅरामीटर ००-०२ला ९ देऊन ५० हर्ट्झच्या मूळ किमती आणा. मग ०१-०१ ५० हर्ट्झ, ०१-०२ २३० व्होल्ट, ०१-०० (कमाल फ्रिक्वेन्सी) ७५. ०५-०१ला डेल्टा जोडणीतला करंट, म्हणजे वरच्या उदाहरणात ५.९. इथे स्टारचा ३.४ भरला आणि मोटरचं ओव्हरलोड संरक्षण चालू असेल, तर जरा भार आला की ओव्हरलोडवर बंद पडतो आणि ड्राइव्हच खराब निघाल्यासारखं वाटतं. ०५-०२ ते ०५-०४मध्ये किलोवॉट, आरपीएम आणि पोल. ००-११ला २ (सेन्सरलेस व्हेक्टर) देऊन ०५-००ने ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हकडून मोटरचं मापन) करा. १ दिला तर मोटर फिरते, म्हणून पट्टा आधी उतरवा. २ दिला तर जागेवरच मापन होतं. व्हेक्टर मोडमुळे खालच्या स्पीडला टॉर्क लक्षात येण्याइतका सुधारतो. हे ट्यूनिंग टाळणं म्हणजे पैसे देऊन अर्धाच ड्राइव्ह वापरणं.

कीपॅडवर पोटेन्शिओमीटर आहे, पण ड्राइव्ह पेटीत बंद असणार, तेव्हा तो काय कामाचा? ५ किलोओहमचा पॉट हेडजवळ बसवा, शिल्डेड वायरने +१०, एव्हीआय आणि एसीएमला जोडा, आणि ००-२०ला २ (स्पीड पॉटवरून), ००-२१ला १ (स्टार्ट-स्टॉप बाहेरच्या स्विचवरून) द्या. स्टार्ट-स्टॉप थ्री वायर पद्धतीने (०२-०० = ३) घेतला तर लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही. टू वायरमध्ये ०२-३५ शून्यच आहे ना, हे तपासा. इमर्जन्सी बटण एसटीओच्या (सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे मोटरचा टॉर्क तोडणारी सुरक्षा सोय) एस१ आणि एस२ टर्मिनलवर घ्या. कारखान्यातून तिथे जंपर असतो, तो काढावा लागतो. रोजचा स्टॉप मेन स्विचने करू नका, वारंवार चार्जिंगने आतले भाग लवकर थकतात.

थांबण्याचा वेळ ०१-१३मध्ये. एंड मिलला एक सेकंद चालतो, मोठा फ्लाय कटर असला की ओव्हीडी दाखवून ट्रिप होतो, कारण फिरत्या वजनाची ऊर्जा डीसी बसवर (ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाइनवर) परत येते आणि ४१० व्होल्टला ड्राइव्ह स्वतःला वाचवतो. त्यावर वेळ तीन सेकंद करा, किंवा बी१-बी२ला ब्रेक रेझिस्टर लावा. ही जास्तीची ऊर्जा रेझिस्टरकडे वळवणारा ब्रेक चॉपर आतच आहे. रेझिस्टरचे ओहम मॅन्युअलमधल्या किमान आकड्यापेक्षा कमी नकोत. गावाकडे किंवा एमआयडीसीच्या कडेला रात्री व्होल्टेज २६०पर्यंत चढतं, तिथे अजून एक गोम. २६०ला बस ३६७ व्होल्टवर जातो आणि चॉपर मुळात ३७०ला सेट असतो. व्होल्टेज जरा सरकलं की काम नसतानाही रेझिस्टर तापत राहतो. ०७-०० वाढवून ३८५ करा. तसाही या ड्राइव्हचा इनपुट २६४ व्होल्टपर्यंतच आहे.

मॉडेल नंबरात एमएस२१नंतर एएफ असेल तर आत ईएमआय फिल्टर (विद्युत गोंगाट अडवणारा) असतो, एएन असेल तर नसतो. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) लावलेला असेल तर एएफ घ्या, नाहीतर स्केलचे आकडे उभ्या-उभ्या नाचतात. मोटरची केबल शिल्डेड, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थला, आणि स्केलच्या वायरपासून निदान वीतभर दूर. याची किंमत अशी की फिल्टर थोडा करंट अर्थकडे सोडतो आणि घरचा ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) उडू शकतो. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. केबल आखूड ठेवा, ००-१७मध्ये कॅरिअर (ड्राइव्हच्या स्विचिंगची फ्रिक्वेन्सी) ४ किलोहर्ट्झवर असू द्या (मोटर जरा शिट्टी मारेल), आणि एसी टाइपऐवजी एफ किंवा बी टाइपचा आरसीसीबी घ्या.

ड्राइव्ह आयपी२० आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण जवळपास नाहीच. बिडाचा भुगा पंख्याने आत ओढला की पीसीबीवर शॉर्ट ठरलेला. बंद पेटी, वर-खाली मोकळी जागा, आणि पेटी मशीनच्या कॉलमवर न टांगता भिंतीवर. पूर्ण भाराला ड्राइव्ह साठ-सत्तर वॉट उष्णता टाकतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चिमुकली पेटी ५० अंशांच्या पलीकडे सहज जाते, तेव्हा पेटी मोठी घ्या. पेटी उघडायच्या आधी मेन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि बसवर मल्टिमीटर लावून २५ व्होल्टच्या खाली आलंय का बघा. दिवा विझला एवढ्यावर हात घालू नका, कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट असतात.