रेसवाल्या घरात दोन विनोदी चित्रपट: मार्क्स बंधू आणि ट्रॉटर

आमच्या घरात चौघांना रेसचं वेड आहे आणि चौघांचंही वेगळं. बाबा फॉर्म, म्हणजे घोड्यांची आधीची कामगिरी, वाचणारे. कुठला घोडा किती वजन घेऊन, किती अंतरावर, कोणत्या जॉकीखाली कितवा आला, हे त्यांच्या वहीत शोधलं की सापडतं. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, टिपवर, म्हणजे कोणीतरी कानात सांगितलेल्या घोड्यावर, खेळणारे. धाकटा भाऊ तर पैसेच लावत नाही. रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला टेकून तो घोड्याची चाल, घाम, कानांची हालचाल बघत राहतो, आणि घरी आल्यावर कोण जिंकलं हे त्याला मला विचारावं लागतं. मी थोडा फॉर्म आणि थोडं डोळ्यांना दिसतं ते, अशी खेळते. विनोदातही आमचं कधी जुळत नाही. म्हणून रेसवरच्या दोन विनोदी चित्रपटांच्या डिस्क आणल्या आणि लागोपाठच्या दोन रविवारी सगळ्यांना एकत्र बसवून पाहिल्या. मला मुळात बघायचं होतं, की एकाच दृश्याला कोण कुठे हसतं.

पहिला होता मार्क्स बंधूंचा, म्हणजे ग्राउचो, चिको आणि हार्पो या अमेरिकन विनोदवीर भावांचा, 'अ डे ॲट द रेसेस'. साल 1937, निर्मिती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओची, दिग्दर्शक सॅम वुड. गोष्ट थोडक्यात अशी: कर्जात बुडालेलं एक आरोग्यधाम, ते वाचवायची धडपड करणारी मालकीण, तिच्या प्रियकराने घेतलेला हाय-हॅट नावाचा घोडा आणि शेवटी एक मोठी रेस. ग्राउचो आहे डॉक्टर हॅकनबुश. तो खरा घोड्यांचा डॉक्टर, पण इथे माणसांचा म्हणून येऊन बसतो. मार्गारेट ड्युमॉन्टने केलेल्या श्रीमंत पेशंटबाईंना त्याच्याशिवाय दुसरा डॉक्टर चालत नाही. गोष्टीत फार शिरायची गरज नाही, चित्रपट तिच्यावर उभाच नाही.

तो उभा आहे आइस्क्रीमच्या गाडीवर. रेसकोर्सवर चिको आइस्क्रीम विकण्याचं सोंग करून टिपा विकत असतो. ग्राउचो तिथे येतो तो सन-अप नावाच्या घोड्यावर पैसे लावायला. चिको त्याला थांबवतो, तो घोडा म्हणजे कोर्सवरचा सर्वांत वाईट घोडा असं पटवतो आणि एक टिप विकतो. टिप असते सांकेतिक अक्षरांत. ती वाचायची तर संकेतांचं पुस्तक हवं. पुस्तक फुकट, फक्त छपाईचा एक डॉलर. त्या पुस्तकातलं समजायचं तर मुख्य संकेतांचं आणखी एक पुस्तक. ते पोचवायचा वेगळा आकार, आणि ग्राउचो शेजारीच उभा आहे म्हणून त्यात सवलत! मग घोड्यांच्या पैदाशीचं पुस्तक. असं करत करत ग्राउचोच्या काखेत, दोन्ही हातांत, अगदी दोन गुडघ्यांच्या मध्येसुद्धा पुस्तकं. तोवर चिको त्याच पैशांतून सन-अपवर लावून मोकळा झालेला असतो. सन-अप जिंकतो.

या दृश्याला घरात जे झालं ते मला आयुष्यभर आठवेल. बाबा पहिल्या मिनिटापासून हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना गंमत वाटत होती ती एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकाकडे जाण्याची, कारण फॉर्म वाचणाऱ्याचं आयुष्य तसंच जातं. एक आकडा समजायला दुसरा तक्ता, तो समजायला तिसरा. भाऊजी मात्र अर्धं दृश्य होईपर्यंत गप्प होते. आणि चिको खिडकीकडे जाऊन स्वतःचा डाव लावतो त्या क्षणी ते असे हसले, की ताई स्वयंपाकघरातून धावत आली. नंतर ते म्हणाले, "टिप देणारा कशावर जगतो हे मला कळायला पंधरा वर्षं लागली, याने पाच मिनिटांत दाखवलं." अगदी खरं आहे. टिप विकणाऱ्याची कमाई टिपेच्या पैशांवर असते, घोड्यावर नसते. पाच जणांना पाच वेगवेगळे घोडे सांगितले की एक जण तरी खूश होऊन परत येतोच. हे कोणी भाषणात सांगितलं असतं तर भाऊजींनी ऐकलं नसतं.

डिस्क विकत घेणाऱ्यांना एक सांगते: हा चित्रपट एकट्याने पाहू नका. चित्रीकरणाआधी यातले विनोदी प्रसंग रंगमंचावर दौरा करून खऱ्या प्रेक्षकांसमोर तपासले होते, कुठे किती हशा येतो ते पाहून संवाद घासले होते. त्यामुळे कित्येक वाक्यांनंतर हशासाठी जागा सोडलेली जाणवते. मी आधी एकदा रात्री एकटीच बसून पाहिला तेव्हा मला तो संथ वाटला होता. पाच माणसं खोलीत असताना त्याच जागा बरोबर भरल्या.

हार्पोबद्दल मात्र आमच्यात चांगलंच वाजलं. तो जॉकी आहे, बोलत नाही, शिट्ट्या वाजवतो, घोड्याशी त्याचं कसं जमतं ते डोळ्यांनी कळतं. भावाला तो सगळ्यांत आवडला. त्याचं म्हणणं, की घोड्याजवळ उभं राहायचं कसं हे चित्रपटात त्या एकालाच कळलंय. पण शेवटच्या रेसने तोच भाऊ अस्वस्थ झाला. हाय-हॅट आपल्या जुन्या मालकाला, मॉर्गनला, एवढा घाबरतो की त्याचा आवाज ऐकला की उधळतो आणि समोरचा अडथळा ओलांडून जातो. मार्क्स बंधू नेमका हाच उपयोग करून रेस जिंकायला बघतात. बाबा आणि भाऊजी हसून लोटपोट, आणि भाऊ म्हणतो, "घाबरलेल्या घोड्याला हसायचं काय?" मला त्याचं पटलं. ते दृश्य बांधलंय छान, वेगही आहे, पण एकदा त्याच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मी पुन्हा मोकळेपणाने हसू शकले नाही. बाबांचा आक्षेप वेगळा होता. चिखलात पडून घोडे ओळखू येईनासे होतात, हे त्यांना चाललं. पण रेस संपल्यावर जॉकींना तोलतात त्या वजनकाट्यावर कोण कोणत्या खोगिरासकट उभं राहिलं, हे कोणीच विचारत नाही म्हणून ते शेवटपर्यंत कुरकुरत होते.

चित्रपटात उणीवाही आहेत. प्रियकर झालेल्या ॲलन जोन्सची गाणी आली की आम्ही चहाला उठलो, कोणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही. आणि एका मोठ्या नाचगाण्याच्या शेवटी लपण्यासाठी तिघे भाऊ तोंडाला काळं ग्रीस फासतात. आज तो भाग बघवत नाही. मुलांबरोबर पाहणार असाल तर त्यावर बोलायची तयारी ठेवा. मराठी सबटायटल्स नाहीत. चिकोची इटालियन ढंगाची मोडकी इंग्रजी ताईला कळेना, म्हणून मी शेजारी बसून सांगत गेले. शब्दांचे विनोद त्यात निम्मे मेले, हावभावांचे सगळे जगले.

शब्दांवरून आठवलं. ॲबट आणि कॉस्टेलो या अमेरिकन विनोदी जोडीचा एक प्रसंग भाऊजींना तोंडपाठ आहे. तो 1943 च्या 'इट एन्ट हे' या चित्रपटातला. ओल्या, चिखलाच्या ट्रॅकवर चांगला धावणारा घोडा म्हणजे मडर. कॉस्टेलोला ऐकू येतं मदर. मग हा घोडा मदर कसा, आणि तो खातो काय तर फॉडर, म्हणजे चारा, तर ते फादर कसं, अशी गाडी जी सुटते ती थांबतच नाही. भाऊजी दरवेळी हसतात. बाबांना हा प्रकार सहन होत नाही. त्यांच्या मते ओल्या ट्रॅकवरचा घोडा हा गंभीर विषय आहे, त्यासाठी त्यांच्या वहीत वेगळी पानं आहेत.

दुसऱ्या रविवारी 'लेट इट राइड'. 1989 चा, दिग्दर्शक जो पिटका, आणि टॅक्सी चालवणारा ट्रॉटर झालाय रिचर्ड ड्रायफस. चित्रीकरण फ्लोरिडातल्या हायलिया पार्क रेसकोर्सवर. चित्रपटगृहांत तो चालला नाही, पण रेस खेळणाऱ्यांनी तो नंतर आपलासा केला, आणि का ते पहिल्या वीस मिनिटांत कळतं. बायकोला शब्द दिलेला, तरी कानावर पडलेल्या एका टिपेपायी ट्रॉटर कोर्सवर येतो, घोडा लागतो, आणि तो जिंकलेलं सगळं पुढच्या रेसवर तसंच ठेवत जातो. नावाचा अर्थही तोच. पुन्हा पुन्हा पाहावेत असे आहेत ते आजूबाजूचे लोक: बारमध्ये रोज त्याच जागी बसणारे, हरल्यावरही पुढच्या रेसबद्दल खात्रीने बोलणारे. तिकिटाच्या खिडकीमागे रॉबी कोल्ट्रेन आहे. सुरुवातीला कंटाळलेला हा माणूस हळूहळू ट्रॉटरच्या बाजूचा कसा होतो, ते त्याच्या नुसत्या भुवयांवरून वाचता येतं.

यातल्या एका प्रसंगावर बाबा आणि भाऊजी पहिल्यांदाच एकत्र हसले. ट्रॉटर भेटेल त्याला विचारतो, तुझा घोडा कोणता? आणि जो सांगितला जाईल तो खोडतो. उरेल त्यावर पैसे. भाऊजींना तो टिपांचा सूड वाटला. बाबांनी डिस्क थांबवून आम्हाला हिशेब समजावला: टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात त्या पद्धतीत, भाव ठरतो लोकांच्याच पैशांनी, तेव्हा कोणालाच नको असलेला घोडा लागला तर भरपूर देतो. पण फेव्हरिट, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेला घोडा, साधारण तीनातली एक रेस जिंकतो, आणि असे नकोसे घोडे बहुतेक वेळा मागेच राहतात, म्हणून ट्रॉटरची रीत एका दिवसापुरती ठीक. त्यांना चित्रपट तरीही मनापासून आवडला नाही. सतत जिंकणाऱ्या माणसावर किती वेळ हसणार, असं त्यांचं मत. भाऊजी मात्र त्यानंतर तो आणखी दोनदा पाहून गेले आहेत. माझंही मत त्यांच्या बाजूचं. घोड्यांच्या नाकांची बरोबरी चाललेली असताना ड्रायफसच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी स्टँडमध्ये शेजारच्या अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर कितीतरी वेळा पाहिलंय.

घरात फॉर्मवाले असतील तर मार्क्स बंधूंपासून सुरू करा, आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत थांबा. टिपवाले असतील तर ट्रॉटर आधी. भाऊ हल्ली हार्पोचे तुकडे तेवढे लावतो, शेवटची रेस सुरू व्हायच्या आत डिस्क काढून ठेवतो.