वीस तासांच्या व्हिसावर पस्तीस तासांची नोकरी

प्रवेश खरा होता. विद्यापीठ खरं, ऑफर लेटर खरं. त्यामुळे पुढचं खोटंही खपून गेलं. भाचीला यूकेत एमएस्सीला ॲडमिशन मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीने बहिणीकडून 'जॉब पॅकेज'च्या नावाखाली १ लाख ८० हजार रुपये उकळले. नाशिकच्या कॉलेज रोड ते कॅनडा कॉर्नर या पट्ट्यात अशी दुकानं पायलीला पन्नास झालीत, म्हणून लिहितोय.

दाजींची पिंपळगावला द्राक्षबाग. फीचं कर्ज कसंबसं होईल, पण तिथला खर्च कसा झेपणार, ही त्यांची काळजी समोरच्याने बरोबर हेरली. "काका, टेन्शनच सोडा. मुलगी उतरली की आठवड्याभरात वेअरहाऊसमध्ये कामाला. पस्तीस तास, पक्कं." भाची म्हणाली, सर, मी तर वीस तासच वाचलंय. उत्तर तयार होतं, "ते सरासरी असतं गं. एका आठवड्यात पाच, दुसऱ्यात पस्तीस. आणि मास्टर्सला उन्हाळा म्हणजे सुट्टीच, तेव्हा फुल टाइम. तरी कमी पडलं तर फूड डिलिव्हरी कर, ती कोण मोजतंय?"

एकूण एक थाप. पदवी किंवा त्यावरच्या कोर्सला स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार असाच धरतात, या आठवड्याचे उरलेले तास पुढच्यात ढकलता येत नाहीत. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीची बेरीज, बिनपगारी कामसुद्धा त्यातच. सुट्टीत फुल टाइम चालतं हे खरं, पण एका वर्षाच्या मास्टर्समध्ये उन्हाळ्यात प्रबंधाचं काम असतं, ती सुट्टी नव्हेच. डिलिव्हरीचा सल्ला तर सरळ खड्ड्यात घालणारा. ॲपवर डिलिव्हरी करणारा सहसा कंपनीचा नोकर नसतो, स्वतःचा धंदा करणारा धरला जातो, आणि स्वयंरोजगार या व्हिसावर एक तासही चालत नाही. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो. कर्जाचे हप्ते मात्र पिंपळगावला चालूच.

"सहा महिन्यांत स्पॉन्सर मिळवून वर्क व्हिसावर टाकतो," हेही होतंच. स्पॉन्सर म्हणजे वर्क व्हिसासाठी तुम्हाला नोकरीवर घेणारी तिथली कंपनी. मास्टर्सच्या मुलांना कोर्स पूर्ण व्हायच्या आत तसं जाता येत नाही, जुलै २०२३ पासून ते बंद आहे. कोर्स झाल्यावर तिथे राहून काम करायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्याला स्पॉन्सर लागतच नाही. तो सध्या २ वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच मिळेल.

खरी मेख करारात होती. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सगळं इंग्रजीत, पानोपानी दाजींच्या सह्या, आणि त्यात 'जॉब' हा शब्द औषधालाही नाही. रकमेसमोर लिहिलंय 'डॉक्युमेंटेशन अँड प्री-डिपार्चर सर्व्हिसेस, नॉन-रिफंडेबल'. नोकरी सगळी तोंडी. कंपनीचं म्हणून जे पत्र आलं तो व्हॉट्सॲपवरचा एक फोटो. खाली जीमेलचा पत्ता आणि पिनकोड सहा आकडी, थेट आपल्यासारखा! यूकेच्या पोस्टकोडात अक्षरं आणि आकडे दोन्ही असतात. भाचीला ते खटकलं आणि तिने पत्र विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला पाठवून विचारलं. हे पत्र व्हिसाच्या अर्जाला चुकूनही जोडू नकोस, असं उत्तर आलं. खोटा कागद लावला तर अर्ज फेटाळला जातोच, वर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

पैसे परत मागायला गेलो तर 'काका' एकदम 'मिस्टर' झाले. "आम्ही गॅरंटी कुठे दिली? तुमचा गैरसमज झालाय, करार वाचा." विद्यापीठं अशा एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात, म्हणजे ॲडमिशनचे पैसे त्यांना तिकडून मिळणारच होते. हे वरचे.

पोलीस ठाण्यात आधी दिवाणी बाब म्हणून टोलवलं. 'पस्तीस तास, पक्कं' असा व्हॉइस मेसेज भाचीच्या फोनमध्ये होता, तो ऐकवल्यावर तक्रार अर्ज घेतला. तिची ॲडमिशन शाबूत आहे. फी आम्ही थेट विद्यापीठाला भरली आणि व्हिसाचा अर्ज ती स्वतः भरतेय.

तुम्हीही असं पॅकेज घेतलं असेल तर चॅट आणि व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, पैसे कुणाच्या खात्यावर गेले त्याचं बँक स्टेटमेंट काढा आणि तक्रार द्या. एकाच ऑफिसविरुद्ध आणखी दोन-तीन अर्ज गेले, तर सगळ्यांचाच गैरसमज झाला म्हणणं त्यांना जड जाईल.